दोन हाकांमधली जागा

मफलरने मान तिरकी केली होती, एवढंच.

सांगायला गेले तर हसाल. कुत्र्याने मान तिरकी केली म्हणून कुणी घाबरतं का? पण मफलर मान तिरकी करतो ती फक्त माझ्या आवाजाला. आत्या बोलली तर शेपटी हलवतो, फेरीवाला ओरडला तर भुंकतो, शेजारचे काका नुसते दिसले तरी गुरगुरतो. मी त्याच्याशी बोलायला लागले की मात्र त्याची मान एका बाजूला कलते, एक कान उभा राहतो, दुसरा लोंबतो, आणि तो असा ऐकत बसतो, जणू मी त्याला एखादं मोठं गुपित सांगतेय.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले, बाजूच्या बोळातून स्कूटर ढकलत मागच्या अंगणात घेतली, तेव्हा तो नेहमीसारखा पायात घोटाळायला आला नाही. अंगणाच्या टोकाला, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाठमोरा. आणि मान तिरकी.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"मफलर," मी म्हटलं.

तो दचकला. वळून माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एकाच नावाच्या दोन माणसांची ओळख करून दिल्यावर आपण कसे गोंधळतो, तसा.

मी मुळातच घाबरट. दाराची बेल वाजली तरी माझा हात आधी छातीवर जातो आणि मग कडीवर. कॉलेजात मला सगळे भित्री भागूबाई म्हणायचे. आत्या म्हणते, "तुझी सावली पुढे आली तर तू तिलाही वाट देशील." घरात आम्ही दोघीच, आत्या आणि मी, आणि तिसरा हा. तपकिरी अंग, गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून मफलर. रात्री तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा पडतो. तो आडवा पडला की झोप आत आणि भीती बाहेर. तो नसेल तर मी रात्रभर छताकडे बघत बसेन, हे आत्यालाही ठाऊक आहे आणि त्यालाही.

म्हणून तर मी एवढी जपत होते. आठवडाभरापूर्वी गल्लीच्या टोकाच्या घरातली काळी कुत्री दिवसाढवळ्या अंगणातून नाहीशी झाली होती. साखळी तिथेच. साखळीला पट्टाही तिथेच. आणि पट्ट्याचं बक्कल कुणी सोडलेलं नव्हतं. बंद पट्टा, रिकामा.

"आत्या, मागे कुणी आलं होतं का?"

"मागे कोण येणार? तक्रारपेटी डोकावली असेल."

तक्रारपेटी म्हणजे शेजारचे काका. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काम उरलं नव्हतं. आमच्या झाडाची पानं, आमच्या मोरीचं पाणी, आमच्या कुत्र्याचं भुंकणं, सगळं त्यांच्याच अंगणात, डोळ्यांत आणि कानांत जात असे.

मी बॅटरी घेऊन भिंतीपाशी गेले. भिंतीच्या माथ्यावर शेवाळ आहे, हिरवं, मखमलीसारखं. दोन ठिकाणी ते घासून निघालं होतं. कोपर टेकवून कुणी बराच वेळ उभं राहिलं तर निघेल तसं. बोळातून अंगणात येणाऱ्या लहान गेटची कडीही निघालेली होती. मी रोज ती लावून जाते. दोनदा ओढून बघते.

दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागलं. भिंतीवर काचा लावायच्या म्हटलं तर आत्या डाफरली, "आणि मांजरं कापली जातील ती? चोर परवडला." मफलरला घरात कोंडणं शक्य नव्हतं. एकटा कोंडला की तो दार ओरबाडतो, पंजे रक्ताने माखेपर्यंत. दुपारी आत्या शिवणक्लासला, मी ऑफिसात, म्हणजे तेवढा वेळ तो अंगणातच. शेवटी त्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुमचा आवाज ठेवून जा की. त्याला वाटेल घरात कुणीतरी आहे. चोरालाही वाटेल. एका दगडात दोन पक्षी."

आता आवाज म्हणजे माझ्या पोटापाण्याची गोष्ट. बैठका, मुलाखती, जबाब यांची रेकॉर्डिंगं आमच्याकडे येतात आणि आम्ही ती ऐकून टाइप करतो. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पंजाने दाबलं की आवाज पुढे, सोडलं की थांबतो, टाचेने दाबलं की मागे. जे ऐकू येईल ते लिहायचं, जे कळणार नाही तिथे कंसात 'अस्पष्ट' लिहायचं. अंदाज बांधायचा नाही. एवढा एकच नियम, पण तो मोडला की नोकरी गेली.

तर मी बसले आणि रेकॉर्ड केलं.

"मफलर…"

"ये सोन्या…"

"शहाणा तो…"

"मी इथेच आहे…"

मध्ये मुद्दाम जागा सोडल्या. सलग बडबड केली तर कुत्र्याला ती रेडिओसारखी वाटते. बोलून थांबलं, की त्याला वाटतं आपल्या उत्तराची कुणी वाट बघतंय. तीन-चार श्वासांची जागा, मग पुढची हाक. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मला तिचं कौतुकही वाटलं होतं. स्पीकर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, अंगणाकडे तोंड करून. सकाळी जाताना बटण दाबायचं, संध्याकाळी आल्यावर बंद करायचं.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. मफलर शांत, गेटला कुलूप. संध्याकाळी मी स्कूटर लावायची, मागच्या दारावर थाप मारायची, "आत्या, दार उघड ना," म्हणायची. मग आत्या तिच्या सवयीने, "कोण ते? आमच्याकडे मुलगी नाही," असं आतून म्हणत कडी काढायची.

मग एका संध्याकाळी बाजूच्या कुंपणावरून तक्रारपेटी उघडली.

"ए मुली, तुझा तो कुत्रा तुझं ऐकत नाही का?"

"का हो काका?"

"दिवसभर हाका मारतेस. मफलर, मफलर. आमच्या हिला आता झोपेतही मफलर ऐकू येतो. त्यापेक्षा एखादा विणून दिला असतास तर थंडीत उपयोगी पडला असता."

"रेकॉर्डिंग आहे ते. आवाज कमी करते."

"कर. आणि लाइट गेल्यावर तरी बंद ठेवत जा. काल दुपारभर लाइट नव्हते, पंख्यावाचून जीव चाललेला, आणि तुझं आपलं चालूच."

"लाइट नसताना ते चालत नाही काका. ते भिंतीतल्या प्लगवर चालतं."

"मग काय माझ्या कानांना भोकं पडलीत?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, उगाच गैरसमज नको. पण असला वैताग दिलात तर एखाद दिवशी कुणीतरी त्याला काहीतरी खायला घालेल. मी नाही म्हणत मी. कुणीतरी."

ते आत गेले. मी तिथेच उभी. हातातली चावी तळव्यात रुतेपर्यंत घट्ट धरून.

संशय म्हणजे कसा असतो, एकदा आत आला की घरातल्या प्रत्येक खुर्चीत बसून बघतो. काका सकाळी अंगण झाडतात ते आमच्याकडे बघत. काकांच्या हातात पिशवी कसली? लाइट गेले होते हे खरं असेल, पण हाका चालू होत्या असं ते का सांगतील? स्वतः केलेल्या आवाजाचं खापर माझ्या यंत्रावर फोडायला? मला वाटलं, तेच माझी नक्कल करून मफलरला कुंपणाकडे बोलावत असतील. खायला घालायला.

ऑफिसातला एक छोटा रेकॉर्डर मी घरी आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळीच्या आतल्या बाजूला, साखरेच्या डब्याआड ठेवला. म्हटलं, चोर त्याच्याच तोंडून पकडायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून ऐकलं. माझीच हाक. जागा. माझीच हाक. जागा. पक्षी, लांबून एखादं वाहन, मफलरची नखं फरशीवर. आणि मग एका जागेत काहीतरी होतं.

मी टाच दाबली. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.

ओलसर, जड. तोंडात पाणी धरून कुणी बोलायला बघतंय असं. शब्द नव्हता, पण शब्दाचा आकार होता. हाताला सवय, बोटं आपोआप टाइप करत गेली.

मफलर. (अस्पष्ट.) ये सोन्या. (अस्पष्ट.) शहाणा तो. (अस्पष्ट.)

आधी मला चक्क हायसं वाटलं. म्हातारा चिडवतोय! घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती खो खो हसली. "तक्रारपेटी 'सोन्या' म्हणते? अगं, त्या माणसाने बायकोला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही."

दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि हसू पार मावळलं.

आवाज स्वच्छ झाला होता. पुरुषाचा नव्हता. बाईचाही म्हणवत नव्हता. पण शब्द आता लागत होते. मी म्हणायची, "ये सोन्या," आणि पुढच्या जागेत, अगदी मापात बसवून, ते म्हणायचं, "…ये …सोन्ना." पुढच्या फेरीत, "ये सोन्या." वर्गात बाई एक ओळ म्हणतात आणि मुलं त्यांच्या मागून म्हणतात, तसं. चुकलं तर पुढच्या वेळी सुधारून. मी बाई होते. मी दिवसभर, न थकता, मध्ये जागा सोडून शिकवत होते.

दुपारच्या पुढे तर हाक कुठली आणि उत्तर कुठलं, हे मला, माझा आवाज असूनही, ओळखता येईना.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवर मी स्टूल घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले. शेवाळातल्या त्या घासलेल्या जागा आता तिथे नव्हत्या. तिथलं शेवाळ पुन्हा धरायला लागलं होतं. नव्या जागा गेटच्या बाजूला होत्या, घराच्या जवळ. स्टुलावर चढून मी पलीकडे वाकून बघितलं. इतकी वर्षं आम्ही तिथे राहतो, पण भिंतीपलीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. इमारत बांधायची म्हणून कुणीतरी केव्हातरी पाया खणला होता आणि सोडून दिला होता. भिंतीला लागून सरळ खड्डा. दोन मजले तरी खोल. तळाशी हिरवं, न हलणारं पाणी.

तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. कोपरं टेकवायला माणूस उभा कशावर राहणार?

"काय दिसलं?" कुंपणावरून काकांनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता.

"काही नाही… काका, तुम्ही मफलरला हाक मारता का कधी?"

"मुली, मी तर तुला हेच विचारणार होतो. तू दुपारी घरी असतेस का? कारण काल मी इथून 'बास कर गं' म्हणून ओरडलो… आणि तू थांबलीस. यंत्र थांबतं का सांगितल्यावर?"

मी स्पीकर काढून कपाटात टाकला. वायर गुंडाळली, वर कपडे ठेवले. धडा बंद. रेकॉर्डर तेवढा खिडकीतच ठेवला. स्पीकर नसताना तिथे शांतता आहे, हे मला ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आत्या आतल्या खोलीत, पाय उशीवर. शिवणक्लासच्या पायरीवरून घसरली होती, दुपारीच रिक्षाने परत आली.

"आता हाडं मोडली नाहीत ना विचारू नकोस. मोडली असती तर तुला फोन केला असता, रडायला सोबत लागते." मग म्हणाली, "पण कान मात्र वाजायला लागलेत माझे. दुपारी तुझी हाक आली. लंगडत जाऊन दार उघडलं, तर कुणी नाही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "कुठलं दार?"

"मागचं. अगं, पांढरी काय पडतेस? पाय मुरगळलाय माझा, डोकं नाही. स्वप्न पडलं असेल. उघडलं, बघितलं, लावलं."

त्या रात्री मफलर माझ्या उंबऱ्यावर आला नाही. मी हाक मारली. त्याने ऐकलं, पण हलला नाही. घरातल्या बोळवजा जागेत, घरचा फोन ठेवलेल्या स्टुलाशेजारी आमची अडगळीची खोली आहे. तिच्या बंद दारासमोर बसून होता. मला वाटलं उंदीर असेल. त्याची मान तिरकी होती, पण दिवा मंद होता, आणि मी स्वतःला सांगितलं की तसं नाही. दाराची कडी लावून, डोक्यावरून पांघरूण ओढून पडून राहिले.

सकाळी उजेडात सगळं बरं वाटतं. आत्या आज घरीच, म्हणजे मफलरला अंगणात सोडायची गरज नाही. दोघं आत, मागच्या दाराला कडी, पुढच्या दाराला कडी. "कुणीही हाक मारली तरी उठायचं नाही," मी बजावलं.

"तू मारलीस तरी?"

"मी फोन करीन आधी."

"बरं बाई, पहारेकरीण," आत्या म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी निर्धास्त मनाने घराबाहेर पडले. रेकॉर्डर पर्समध्ये टाकला तोही सवयीने.

दिवसभर काम इतकं होतं की तो ऐकायला संध्याकाळ झाली. बाकीचे निघून गेले होते. खिडकीबाहेरचा उजेड राखेसारखा झाला होता. मी हेडफोन लावला आणि पेडल दाबलं.

शांतता. पक्षी. मफलर पाणी पितोय. बराच वेळ काहीच नाही. आणि मग, लांबून, भिंतीच्या बाजूने:

"मफलर…"

स्पीकर कपाटात होता. मी स्वतः ठेवला होता.

"ये सोन्या…"

नखांचा आवाज, फरशीवरून धावत जाणारा. मग तो थांबला. पुढचं दार उघडलं, बंद झालं. आत्या लंगडत आली, स्वतःशी कण्हत, पाणी प्यायली, आतल्या खोलीत गेली. मग जागा. लांबलचक. मी पेडल दाबूनच ठेवलं.

मागच्या दारावर थाप.

"आत्या… दार उघड ना."

हे मी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. हे मी रोज संध्याकाळी म्हणते. तिथे, अंगणात उभी राहून.

"कोण ते? आमच्याकडे मुलगी नाही," आतून आत्या म्हणाली, नेहमीसारखीच. तिची पावलं आली, एक जड, एक हलकं. कडी निघाली. दार करकरलं. "अगं बाई… कुणीच नाही की." मफलर आत येतो तेव्हा त्याच्या पट्ट्याची घुंगरं वाजतात, ती वाजली. दार लागलं, कडी बसली. आत्याची पावलं परत गेली. मला वाटलं, संपलं. उघडलं, बघितलं, लावलं.

हेडफोनमध्ये आवाज किती लांब आहे ते कळतं. आमचे कान त्यासाठीच तयार झालेले असतात. आत्तापर्यंतची हाक जाळीच्या पलीकडची होती. त्यानंतरची जाळीच्या अलीकडची. साखरेच्या डब्याइतकी जवळ.

"शहाणा तो…"

टाच दाबली. पुन्हा ऐकलं. पुन्हा. कंसात 'अस्पष्ट' लिहावं असं मला फार, फार वाटत होतं. पण त्यात अस्पष्ट काहीच नव्हतं. आणि मग मला अडगळीच्या खोलीचं बंद दार आठवलं, आणि त्याच्यासमोरची ती तिरकी मान.

आत्याच्या मोबाइलवर फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. तो उशाशी असतो, पण ती झोपली की ढोल वाजवले तरी उठत नाही. मग घरचा फोन लावला, अडगळीच्या खोलीशेजारचा, स्टुलावरचा. तो वाजला की मफलर भुंकतो, त्याच्या भुंकण्याने तरी ती उठेल.

वाजत राहिला. मी एका हाताने पर्स भरत होते, खुर्ची पाडली, ती उचलली नाही. वाजत राहिला. उचल, आत्या. उचल ना गं. निदान तू भुंक, मफलर.

फोन उचलला गेला.

"आत्या?" मी म्हटलं. "आत्या, मफलरला घे आणि पुढच्या दाराने बाहेर… काकांकडे जा… आत्ता… ऐकतेस ना?"

पलीकडे श्वास नव्हता. काहीच नव्हतं.

"मी इथेच आहे," माझा आवाज म्हणाला.

आणि मग जागा. मी सोडायची तेवढीच, तीन-चार श्वासांची. त्या जागेत आधी मफलरची शेपटी ऐकू आली, फरशीवर आपटणारी, खुशीत. आणि मग लांबून, आतल्या खोलीतून, आत्याचा झोपाळलेला, अगदी निवांत आवाज:

"कुणाचा फोन आहे गं?"